कोळशाच्या रेघा

शाळेत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते खिचडी चाखायला.

२०१३ च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात एका शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ पोरं दगावली. जेवणात कीटकनाशक गेलं होतं. ती बातमी टीव्हीवर काही दिवस फिरली आणि मग आमच्यासारख्या आडवळणाच्या शाळांतही चव घ्यायचा नियम एकदम कडक झाला. पोरांना वाढायच्या आधी गुरुजींनी आणि एका पालकानं घास खायचा, वहीत सही करायची. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. भरदुपारी घरात सापडेल असा पालक आणायचा कुठून? बाप्ये रानात, बायाही रानात. माझं शिवणाचं मशीन मात्र ओसरीवर, आणि लेक दुसरीत. निरोप मलाच आला.

शाळेच्या मागं पत्र्याची शेड, एका अंगाला तेवढी भिंत. आत्याबाई चूल फुंकत बसल्या होत्या. पोरं त्यांना खिचडीच्या मावशी म्हणत. गावच्या नात्यानं त्या मला सासूच्या जागी, म्हणून मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी पळसाच्या पानावर डावभर खिचडी घातली. मी वही पुढं ओढली तशा म्हणाल्या, "आधी खा गं. सगळे आधी सहीच करत्यात."

मी खाल्ली. मीठ बेतात, डाळ शिजलेली. खाता खाता भिंतीकडं लक्ष गेलं. धुरानं काळवंडलेल्या चुन्यावर कोळशाच्या रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी, अशा जुड्याच्या जुड्या, ओळीखाली ओळ.

"हे काय?"

"ताटं. जेवून गेली तेवढी."

आत्याबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. पण पोरामागं शंभर ग्राम तांदूळ, वीस ग्राम डाळ आणि पाच ग्राम तेल, हा पहिली ते पाचवीचा सरकारी हिशेब त्यांच्या मुठीत आणि एका चेपलेल्या जर्मनच्या वाटीत पक्का बसला होता. गुरुजी सकाळी आकडा सांगायचे, त्या तेवढ्या वाट्या मोजायच्या. किती शिजवलं ते गुरुजींच्या रजिस्टरला, कितीजण जेवले ते भिंतीला.

पावसाळ्यात हे दोन आकडे जवळजवळ असत. दिवाळी सरली, मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात लागले आणि आकडे फाकायला लागले. आमच्याकडं निम्मं गाव कोयत्याला जातं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती लगीन-दवाखान्यात संपलेली असते आणि मग सहा महिने कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात ऊस तोडून ती फेडायची. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस असतं त्यांची पोरं मागं राहतात, बाकीची ट्रकमध्ये. त्या वर्षी शाळेचा पट होता ६४. डिसेंबरात भिंतीवर सात जुड्या उमटत, कधी सहा. रजिस्टरला मात्र साठाच्या आसपास हजेरी.

मी शिवणारी बाई. दोन मीटर कापडात पावणेदोन मीटरचाच झगा निघाला तर उरलेला पाव मीटर कुठं गेला, हे मला झोपू देत नाही. मी तावातावानं आत्याबाईंना म्हटलं, तांदूळ कुणीतरी खातंय. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, जाळ कमी केला आणि म्हणाल्या, "गुरुजी चोर न्हाई. भ्यालंय."

मग त्यांनी २०११ च्या ऑक्टोबरातली गोष्ट सांगितली. राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती. आमच्याकडंही माणसं आली, पोरं मोजली, मोजलेल्याच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. खोटा पट दाखवणाऱ्या शाळा राज्यात ढिगानं सापडल्या आणि जिथं निम्म्याहून जास्त पोरं गैरहजर निघाली तिथं कारवाईच्या गोष्टी सुरू झाल्या. आमच्या शाळेला तेव्हा काही झालं नाही, कारण ऑक्टोबरात पोरं गावात होती. पण कुणी जानेवारीत मोजायला आलं तर? शिवाय नव्या शिक्षण हक्क कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं पोर आलं की तिसरा. आमचे तिसरे गुरुजी चार पोरांच्या जिवावर उभे होते. नावं कमी झाली की ते जाणार, सगळे वर्ग दोघांत वाटले जाणार. म्हणून हजेरी. हजेरी दाखवली की खिचडीही खर्ची पडलेली दाखवावी लागते. त्या कागदावरच्या तांदळाचं पुढं काय होई हे मला आजही नीट कळलेलं नाही, आणि जे कळलंय ते लिहून आता कुणाचं भलं होणार नाही.

शाळेकडं बघायचं कसं हे मी त्या शेडमध्ये शिकले. पुढं शिक्षणावरची प्रशिक्षणं झाली, पुस्तिका मिळाल्या, साहेबांची भाषणं ऐकली. पण आजही कुठल्याही शाळेत गेले की आधी मागच्या अंगाला जाते.

"समितीत जा," हे त्यांनीच डोक्यात घातलं. शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती आलेली. पाऊण सदस्य पालक, एकूणात निम्म्या बाया, मुदत दोन वर्षं, अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, बँकेच्या खात्यावर अध्यक्षाची आणि मुख्याध्यापकाची जोडसही. कागदावर एवढी ताकद. गावात मात्र नावं पारावर ठरायची. ज्या गटाची ग्रामपंचायत त्या गटाची समिती. बायांची नावं असत, बैठकीचं रजिस्टर घरी येई, बाई भाकरी थापता थापता सही करी किंवा तिचा नवरा करी. आत्याबाई म्हणायच्या, "रजिस्टर घरी येतं, तू शाळेत जा."

२०१४ च्या जुलैतली पालकसभा. मी उभी राहणार म्हटल्यावर घरात दोन दिवस अबोला. नवरा शेवटी एवढंच म्हणाला, पडलीस तर रडायचं नाही. गावात दुसरंच उठलं: हिला गणवेशाचं काम पाहिजे. ते अगदीच निराधार नव्हतं, लोकांनी तसं समजावं अशीच गोष्ट होती. गणवेशाचे तेव्हा पोरामागं दोन जोडांना ४०० रुपये येत आणि ते समितीच्या हातून खर्च होत. मी दारोदार सांगत फिरले की निवडून आले तर शाळेचा एक टाका घालणार नाही. लोक चहा पाजत, हो म्हणत. चौदा घरांनी शब्द दिला होता. मी मोजले होते, सवयच ती.

सभा वर्गात भरली. पाऊस होऊन गेलेला, पेरण्या उरकलेल्या, माणसं बरी जमली. बाप्ये बाकांवर, बाया खाली सतरंजीवर. अध्यक्षपदाला नावं पुकारली. समोरच्या नावाला हात वर झाले, ते मोजायचीही गरज नव्हती. मग माझं नाव. मी समोर बघत होते. शब्द दिलेल्या चौदा घरांतल्या बाया पदराशी चाळा करत होत्या, कुणी फरशीवरची माती नखानं खरवडत होतं. त्यांना दोष तरी काय द्यायचा? समोरच्या बाकावर त्यांचा मुकादम बसलेला.

तीन हात वर आले. एक माझ्या जावेचा, एक खालच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याचा. तिसरा दारातून. आत्याबाई चुलीवरून उठून आल्या होत्या, कोपरापर्यंत हात ओला, डाळीचं फोलपट चिकटलेलं. त्यांची दोन नातवंडं शाळेत, लेक-सून कोयत्याला, म्हणजे पालक म्हणून त्याच. कुणीतरी हसलं, "मावशे, खिचडी करपंल." हात खाली आला नाही. माझा पराभव वहीत लिहून होईस्तोवर तो तसाच होता.

घरी येऊन मी रडले, नवऱ्याला न दिसेल असं. त्या हाताची किंमत किती होती हे मात्र त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, एक मत.

स्वयंपाकाच्या कामाला तेव्हा महिना हजार रुपये मानधन, तेही वर्षातले दहाच महिने. नेमणूक दर वर्षी नव्यानं, समितीच्या ठरावानं. जून २०१५ मध्ये शाळा उघडली आणि शेडमध्ये दुसरी बाई होती. ठरावात आत्याबाईंच्या वयाचं कारण घातलं होतं. त्यांचं वय त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. तालुक्याला अर्ज देऊ, साहेबांना भेटू. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "नवी बाई वाईट न्हाई. नवरा मेलाय तिचा." आणि एक शेंग माझ्या हातावर ठेवली. मी अर्ज दिलाही. पोच मिळाली, ती अजून आहे.

२०१५ चा पाऊस आमच्याकडं आलाच नाही. विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवायला लागल्या. ज्या घरांनी कधी कोयता धरला नव्हता तीही घरं त्या दिवाळीला गेली. आत्याबाई आजवर मागं राहत होत्या त्या या हजार रुपयांवर: त्यात तेल-मीठ भागे, नातवंडं शाळेत जात आणि एक वेळचं जेवत. आता ते गेलं. लेक म्हणाला, आई, तू पण चल, कोपीवर सैपाक तरी होईल, पोरं डोळ्यापुढं राहतील.

ट्रक निघाला त्या पहाटे मी चौकात गेले होते. बोचकी, कोंबड्यांची खुराडी, सरपण, शेळी, त्यावर माणसं. नात चौथीत, नातू दुसरीत, दोघं वरच्या बोचक्यांवर बसलेली. नातीच्या अंगात शाळेचाच निळा झगा, कारण तोच त्यातल्या त्यात धड होता. आत्याबाईंनी वरून विचारलं, "किती पोरं चढली गं? मोज." मी मोजली. आमच्या शाळेची एकवीस. त्यांतली दोन माझ्यामुळं.

हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. शाळा सुधारायची म्हणून मी उभी राहिले आणि त्याचं पहिलं फळ हे, की दोन पोरांची शाळा सुटली. लोक समजूत घालतात, तुमचा हेतू चांगला होता. असेल. नात त्या वर्षी चौथीचं दुसरं सत्र बसली नाही, उसाच्या फडात मावसबहिणीचं तान्हं सांभाळत होती.

म्हणून २०१६ ला मी पुन्हा उभी राहिले तेव्हा मला निवडून यायचंच होतं. पहिल्या वेळेला हौस होती, अन्याय झाल्यासारखं वाटणं होतं. या वेळी मी कुणाकडं शब्द मागायला गेले नाही. ज्या घरांची पोरं ट्रकवर चढलेली मी मोजली होती त्या घरांत गेले आणि हंगामी वसतिगृहाचं सांगितलं. सरकारची ही योजना जुनीच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं सहा महिने गावातच ठेवायची, आजीआजोबांकडं नाहीतर नातलगांकडं झोपायची सोय, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. समितीनं सर्वे करायचा, ठराव घ्यायचा, यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं द्यायची, आणि सगळं ट्रक लागायच्या आत. एकदा ट्रक गेला की यादीला अर्थ नाही. आमच्या गावानं आजवर ठरावच दिला नव्हता. समोरच्या गटात मुकादम होते आणि पोरं मागं राहिली की आया फडात रमत नाहीत, परत पळतात, असं त्यांचं म्हणणं.

उन्हाळ्यात परत आलेल्या आत्याबाईही माझ्याबरोबर फिरल्या. त्या काही बोलत नसत. उंबऱ्यात बसायच्या, घरातल्या बाईच्या हाताकडं बघायच्या. एका घरी म्हणाल्या, "तुपल्या पोरीला फडात सोडून झोपत असशील तू?" बस. ती बाई सभेला आली.

या खेपेला हात मोजावे लागले. दोनदा मोजले. मी सात हातांनी आले. मुकादम होता त्याच बाकावर होता, पण गेल्या साली दुष्काळात त्याची उचल पुरली नव्हती आणि बाया त्याच्याकडं न बघता हात वर करत होत्या.

कामाचं फार सांगत नाही. मुलींच्या मुतारीला दार आणि पाणी झालं, त्याला आठ महिने लागले. गणवेश सगळ्या मुलींना मिळे, मुलांत मात्र अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. वर्गात नऊ पोरं जुन्या कपड्यांत बसलेली दिसत. शाळेचा टाका घालणार नाही म्हटलं होतं, तो शब्द मोडून त्या नऊ पोरांचे सदरे मी फुकट शिवले. कापड गावकीनं दिलं. यावरही बोलणारे बोललेच.

वसतिगृहाचा ठराव पहिल्याच महिन्यात घेतला. सप्टेंबरात घरोघर सर्वे, ३१ पोरं निघाली. मुख्याध्यापक सुरुवातीला बिचकत होते. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, पोरं इथंच राहिली तर हजेरी खरीच लागंल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि यादी स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतली. पाच वर्षांची भीती माणूस कशी वागवत असेल, ते मला तेव्हा दिसलं. जेवण सुरू करायचा दिवस धरला आणि त्याच आठवड्यात, ८ नोव्हेंबरला, पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. अनुदान यायचं होतं, बँकेपुढं रांगा. पहिले कितीतरी दिवस किराणा दुकानदारानं उधारीवर भरला. त्याचं ऋण निराळं, ते पैशात होतं, फिटलं.

राहिली होती आत्याबाईंची नेमणूक. अध्यक्ष म्हणून पहिल्या बैठकीला जाताना माझ्या डोक्यात तोच ठराव पक्का होता. आदल्या संध्याकाळी त्यांना सांगायला गेले, उद्यापासून शेड तुमची. त्यांनी तवा उतरवला. म्हणाल्या, "आन् तिला काढणार? मला काढलं तसं?"

मी म्हटलं, तुमच्यावर अन्याय झालाय.

"तिनं केलाय का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग वसतिगृहाचा सैपाक तरी घ्या म्हटलं, सहा महिन्यांचं काम आहे. तेही नाही. लेकाची उचल फिटली नव्हती, एक माणूस वाढलं तर तेवढीच मोळी जास्त. "आता पोरांना मी कशाला लागते? जेवायला शाळा हाय. झोपायला तू हायस."

त्या गेल्या. नातू आणि नात नोव्हेंबर ते एप्रिल माझ्या ओसरीवर झोपली, मशीनच्या पलीकडं. रोज रात्री नात विचारायची, आज किती ताटं झाली. मी सांगायची. शेडच्या भिंतीवर नव्या बाईनंही रेघा ओढायला घेतल्या होत्या, मी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत एका दुपारी भिंतीवर अकरा जुड्या आणि वर तीन रेघा होत्या. ५८. रजिस्टरला ५८.

सगळी राहिली असं नाही. पाच मुली त्या वर्षीही ट्रकमध्ये गेल्या, मोठ्या झाल्या होत्या, तान्ही सांभाळायला उपयोगी. त्यांच्या आयांना मी दोनदा गाठलं. तिसऱ्यांदा जायला पाहिजे होतं.

आत्याबाई २०१७ च्या एप्रिलात परत आल्या. पोरं न्यायला आल्या तेव्हा काखेत चोळीचं कापड होतं, हिरवं, तिकडच्या बाजारातलं. "शिवून दे, लग्नसराई हाय." मी टेप घेतली, वही काढली. त्यांचं जुनं माप वहीत होतं, २०१४ च्या दिवाळीचं. नेहमीच्या बाईचं माप मी पुन्हा घेत नाही, पण त्यांच्याकडं बघून मला राहवेना. दंड पाऊण इंचानं उतरला होता. छाती दोन इंचांनी कमी. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, मोळीच्या बाजूचा, आणि मानेखाली टेपला एक टणक घट्टा लागला. मी टेप तिथंच धरून उभी राहिले.

"काय करायलीस? लिही की."

मी दोन्ही खांद्यांचं माप वेगवेगळं लिहिलं. चोळी तशी शिवावी लागली, उजवीकडं अर्धा इंच सोडून. आठवड्यानं न्यायला आल्या, घालून बघितली, हात वर-खाली केला. मग कमरेच्या पिशवीतून साठ रुपये काढले. मी नको म्हटलं. त्यांनी नोटा माझ्या मशीनवर ठेवल्या, वर कात्री ठेवली, उडू नयेत म्हणून, आणि नातवंडांच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली म्हणून शाळेकडं गेल्या.